ठमीच्या आदेशावरून

माझ्या कुंदाआत्याला स्वतःचं असं एकही मत नव्हतं. तिच्या घरात मतं भरपूर होती, आणि चांगली ठणठणीत होती, पण ती सगळी ठमीची. ठमी म्हणजे तिची मांजर.

"माझं काही नाही रे," असं आत्या म्हणाली की समोरच्याने सावध व्हावं. पुढचं वाक्य ठरलेलं असे, "पण ठमीला चालणार नाही." पिवळे पडदे ठमीला चालले नाहीत. टीव्हीवरच्या आरडाओरड्याच्या चर्चा ठमीला सहन होत नसत. मी मध्यंतरी मिशी ठेवली होती, तिला ठमीने शेवटपर्यंत मान्यता दिली नाही. मी दोन-तीनदा सांगून पाहिलं की मला ती शोभते असं ऑफिसात सगळे म्हणतात. आत्या म्हणाली, "असेल ना. मला पण बरी वाटते. पण तिचं काय करू?" शेवटी मी मिशी काढली. त्या दिवशी आत्याने शिरा केला होता.

ठमी स्वतः या कारभारात फारशी पडत नसे. करड्या पट्ट्यांची, रुंद तोंडाची, एक कान जरा फाटलेला, अशी ती मांजर होती. आतल्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीशी एक वेताची खुर्ची होती, तिच्यावर ती दिवसातला बराच वेळ डोळे मिटून पडलेली असे. त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणी बसायचं नाही असा घरचा नियम. पाहुणा चुकून बसलाच तर आत्या त्याला पाणी देता देता सांगायची, "उठा हां जरा, ती येतेच आहे." ठमी तेव्हा गच्चीवर असली तरी पाहुणा उठायचा, कारण आत्याच्या आवाजात सरकार होतं.

हे सरकार तिच्या अंगात मुरलेलं होतं. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ती कारकून म्हणून चिकटली आणि अवर सचिव म्हणून निवृत्त झाली. त्या नोकरीत पत्र लिहायची एक रीत आहे. खाली सही आपली, पण बोलणं आपलं नाही. "मुझे यह कहने का निदेश हुआ है कि" अशी सुरुवात करायची आणि मग काय ते सांगायचं. निदेश नक्की कोणाचा, हे पत्रात कुठेच येत नाही. आत्याने उभ्या आयुष्यात असली किती पत्रं काढली असतील याला हिशेब नाही. "मला असं वाटतं, मला हे नको, मला ते हवं" असं लिहायची सोयच नव्हती. लग्न केलं नाही, त्यामुळे घरी तरी कोणाला तसं म्हणून दाखवायची वेळ आली नाही. निवृत्तीच्या आधी काही वर्षं ठमी आली आणि आत्याला घरबसल्या वरिष्ठ मिळाला.

ठमीचा जन्म सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधला. हिवाळाभर बंद असलेला कूलर आत्याने खस, म्हणजे त्यातला वाळा, बदलायला उघडला, तर आत पिल्लं. आत्या पुन्हा पत्रा लावून बाजूला झाली. त्यांच्या आईने एकेक पिल्लू तोंडात धरून नेलं, आणि हे एक मागे ठेवलं. आत्या सांगायची, "बाई चार्ज न देता निघून गेली. मग मी काय करणार? कोणीतरी चार्ज घ्यायलाच हवा होता ना?" त्या उन्हाळ्यात दिल्ली भाजून निघत होती, पण आत्याने कूलर लावला नाही. कूलर ठमीच्या नावावर झाला होता. आत्या ओला टॉवेल खांद्यावर टाकून फिरायची आणि विचारलं तर म्हणायची, हवा चांगली आहे की.

निवृत्तीनंतर आत्या दिल्लीतच सरकारने बांधलेल्या एका डीडीए कॉलनीत तळमजल्यावर राहायला गेली. पुढे थोडी माती, लिंबाचं एक झाड, बुटकी कुंपणभिंत आणि वरच्या मजल्यावर बेदीआंटी. तिथे ठमीची सत्ता कॉलनीभर पसरली. कॉलनीच्या कमिटीने जनरेटर नेमका आत्याच्या खिडकीखाली बसवायचं ठरवलं होतं. आत्या मीटिंगला गेली आणि शेवटच्या रांगेतून उभी राहून म्हणाली, "देखिए, मुझे तो कोई आपत्ति नहीं है। लेकिन ठमीजी को बहुत तकलीफ़ होगी।" अध्यक्ष सज्जन होते. घरात कोणी वयस्कर बाई अंथरुणाला खिळलेल्या असाव्यात असं समजून त्यांनी जनरेटर फाटकापाशी हलवला. पुढे एकदा ते ठमीजींची चौकशी करायला फळं घेऊन आले तेव्हा आत्याने त्यांना आतल्या खोलीत नेऊन खुर्चीपाशी उभं केलं. अध्यक्षांनी थोडा वेळ पाहिलं, नमस्कार केला आणि फळं ठेवून गेले.

माझ्या लग्नाचा निर्णयही असाच झाला. रश्मीला मी पहिल्यांदा आत्याकडे नेलं तेव्हा आत्या तिच्याशी हवापाण्याचं बोलत राहिली. मग ठमी बाहेर आली, तिने रश्मीच्या चपला हुंगल्या आणि त्यांच्यावर अंग टाकून झोपली. आत्याने चहाचा ट्रे खाली ठेवत मला सांगितलं, "ठमीची हरकत नाही." माझ्या आईवडिलांचं तेव्हा पत्रिका बघायचं चाललं होतं, ते मग मागेच पडलं. रश्मीला निघताना उशीर झाला, कारण ठमी चपलांवरून उठेना आणि तिला उठवायची आत्याची तयारी नव्हती.

आत्या शाकाहारी, अंड्याच्या केकलाही हात न लावणारी. ठमी मात्र मासे खायची. तोडगा असा निघाला की मासा आत्याने आणायचा, तोही नाकाला पदर लावून, आणि तळायचा बेदीआंटींनी. मग वरून हाक यायची, "कुंदाजी, आज कड़क करूँ या नरम?" आत्या आत जाऊन ठमीकडे बघून यायची आणि सांगायची, "नरम." ठमीचे दात गेल्यावरचं हे. त्याआधी कडक.

ठमी भेटीही द्यायची. आमची मुलगी इरा हिच्या वाढदिवसाला सरोजिनी नगरच्या बाजारातून घासाघीस करून आणलेला फ्रॉक यायचा, आणि वर आत्याचा खुलासा, "ठमीने पसंत केला. मी फक्त बॅग धरून उभी होते." आभार मानले तर आत्या चिडायची. तिच्याकडून आलेले फोनसुद्धा ठमीचेच असत. ठमी म्हणत होती, रश्मीची पुरणपोळी बऱ्याच दिवसांत झाली नाही. रश्मीला सांगायची, ठमीला मी स्टुलावर चढून माळा साफ केलेला आवडत नाही, तेव्हा नंदूला जमेल तेव्हा पाठव. नंदू म्हणजे मी. आणि सोमवारी सकाळी हमखास, "काल ठमी सकाळपासून दारात बसून होती. कोणी येतंय का बघत होती बिचारी."

आम्ही गुरुग्रामला सतराव्या मजल्यावर राहतो. रविवारी आत्याकडे जायचं ठरलेलं असायचं आणि कधी व्हायचं, कधी नाही. हायवेवर जॅम, इराची ट्यूशन, रश्मीचं काहीतरी, माझी ऑफिसची पार्टी. आत्या कधी तक्रार करत नसे. "अच्छा, ठीक आहे," म्हणून फोन ठेवायची. सोमवारी मात्र ठमीचं दारात बसणं कळायचं, आणि इरा हळहळायची. ती मग व्हिडिओ कॉल लावून ठमीला सॉरी म्हणायची. ठमी पलीकडे जांभई देत असायची.

आत्याने आमच्याकडेच राहायला यावं, असं आम्ही किती वर्षं म्हणत होतो. एक खोली होती, लिफ्ट होती, खाली डॉक्टर होता. उत्तर एकच, "ठमीला मानवणार नाही." एकदा आग्रह करून दोघींना घेऊन आलो. ठमी टोपलीत होती आणि सतराव्या मजल्यापर्यंत घोरत आली. आत्याने माझा दंड असा धरला होता की बोटं उमटली. घरात आल्यावर तिने बाल्कनीच्या जाळीतून एकदा खाली पाहिलं, आत येऊन भिंतीला टेकून बसली आणि संध्याकाळी म्हणाली, "चलो नंदू, आम्हाला सोड. ठमी घाबरली आहे." ठमी तेव्हा आमच्या वॉशिंग मशीनवर पाय ताणून पडली होती. पण आदेश तो आदेश. मी गाडी काढली.

या फेब्रुवारीत ठमी गेली. म्हातारी झाली होती, इराहून मोठी होती. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात खुर्चीवर झोपली ती उठली नाही. आत्याने फोनवर एवढंच सांगितलं, "ठमी गेली." आम्ही पोचेपर्यंत तिने लिंबाखाली स्वतःच खड्डा खणून ठेवला होता आणि हात धुवून बसली होती. रडली नाही. बेदीआंटी मात्र पायरीवर बसून मोठ्याने रडत होत्या.

त्यानंतर आत्याचं बोलणंच थांबलं. फोन केला की, हो, बरी आहे, जेवले. काही हवंय का विचारलं की, बघू. पुरणपोळी घेऊन येऊ का, तर, बघू. घरात रद्दी साचली, बल्ब गेला तो तसाच राहिला. मी म्हटलं, आता गुरुग्रामला चल, आता तर काही अडचण नाही. आत्या ना हो म्हणाली ना नाही. वरिष्ठच गेला, फाईल तशीच पडून राहिली. तिचं गप्प राहणं म्हणजे होकार, असं मी धरून चाललो. खोली झाडून घेतली, कपाट रिकामं केलं, तिचं सामान न्यायला टेम्पोवाल्याशीही बोललो. रश्मी म्हणाली, "त्यांनी एकदा तोंडाने हो म्हणू दे ना." मी म्हटलं, तिने आजवर कधी काही तोंडाने म्हटलंय?

एका सकाळी तिचाच फोन आला. "नंदू, तिचा दहावा करू या. ठमीची इच्छा असणार." ठमी गेल्यापासून पहिल्यांदाच तिचा जुना आवाज ऐकला. मांजरीचा दहावा कोणी करत नाही, हे मला माहीत होतं आणि तिलाही. म्हणूनच तिने गुरुजींना बोलावलं नव्हतं. "त्यांना विचारलं की ते नियम बघणार. आपण परस्पर उरकू. नंतर विचारलं तर बघता येईल." एवढी वर्षं नियम सांभाळलेल्या बाईला नियमातून वाट कशी काढायची हेही ठाऊक असतंच.

आम्ही गेलो तर आत्या तयार होती. केळीच्या पानावर दहीभात, शेजारी ठमीची स्टीलची वाटी भरून दूध, आणि बेदीआंटींनी तळलेला मासा, नरम. पान कुंपणभिंतीवर ठेवलं. इराने विचारलं, "आत्याआजी, आता काय?" दिल्लीकडे वाढलेली मुलगी, तिला हा प्रकार नवा होता. मी सांगितलं की आता कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला म्हणजे गेलेल्याचा जीव शांत झाला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली आहे. मग जवळच्यांनी मोठ्याने वचन द्यायचं, तुझं अमुक करू, तमुक सांभाळू. बरोबर ती गोष्ट सापडली की कावळा येतो.

कावळे होते. समोरच्या तारेवर ओळीने बसले होते. पण ती भिंत ठमीची. त्या भिंतीवर बसून ती आयुष्यभर कॉलनीतल्या कावळ्यांवर झडप घालत आली होती, आणि एकाने एकदा तिच्या कानाचं जे केलं त्याचं तिने पुढे सगळ्यांना भरपूर परत दिलं होतं. मासा समोर दिसत असूनही एकही खाली उतरेना. मान तिरकी करून नुसते बघत होते. वरच्या बाल्कनीत बेदीआंटी डोक्यावर दुपट्टा घेऊन हात जोडून उभ्या होत्या.

मी सुरुवात केली. "ठमे, तुझ्या खुर्चीवर कोणी बसणार नाही." कावळे हलले नाहीत. इरा म्हणाली, "तुझे सगळे फोटो मी ठेवीन, बिल्कुल डिलीट नाही करणार." एक कावळा तारेवरच जरा सरकला. लिंबाला रोज पाणी घालू, बेदीआंटींच्या नव्या कुत्र्याला इकडे येऊ देणार नाही, असं आमचं बरंच झालं. आत्या काही बोलत नव्हती. मग रश्मीने पदर नीट केला आणि मनापासून म्हणाली, "ठमे, काळजी करू नकोस. आत्यांना आम्ही आमच्याकडे घेऊन जातो. तिथे नीट सांभाळू." सगळे कावळे एकदम उडाले आणि मागच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसले.

मला हसू आलं आणि ते मी कसंबसं दाबलं. इरा आत्याकडे वळून म्हणाली, "हे तिला नको असणार. आत्याआजी, तूच सांग ना, तिचं म्हणणं काय होतं?"

आत्या भिंतीपाशी गेली. घसा साफ केला. "ठमीचं म्हणणं असं होतं की," एवढं म्हणाली आणि थांबली. पानाकडे बघत राहिली. टाकीवर कावळे ओरडत होते, रस्त्यावर भाजीवाला होता, आणि आत्याला पुढचं वाक्य सापडत नव्हतं. तिला असं अडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"ठमीचं काही म्हणणं नव्हतं," ती म्हणाली. "ती मांजर होती. तिला लिफ्टची भीती नव्हती. भीती मला वाटते. तिथे वर मला जीव घाबरा होतो. मला नाही यायचं नंदू तुझ्याकडे. मला इथे राहायचंय." तिने वाटी उगाच जराशी सरकवली. "आणि रविवारी ती दारात बसत नसे. ती आपली आत झोपलेली असायची. मी बसत होते."

मला रडू आलं. ठमीसाठी आलं नव्हतं ते आता आलं. एवढ्या सोमवारी फोनवर ऐकलेलं ते वाक्य मला पुन्हा पहिल्यापासून ऐकू यायला लागलं, आणि दर वेळी दारात आत्याच दिसत होती, इस्त्रीची साडी नेसून, फाटकाकडे बघत. माझी लाडकी आत्या. मी तिचा हात धरला आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "ठमे, दर रविवारी येऊ. जॅम असला तरी येऊ. आणि आत्या इथेच राहील." मग टेम्पोवाल्याला तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं.

वळून पाहिलं तर पानावरचा मासा नव्हता. नेला कोणी, ते आम्हा कोणालाच नीट दिसलं नाही. इराचं म्हणणं चील, म्हणजे घार, होती. बेदीआंटी वरून शपथेवर सांगत होत्या की कौआच होता, त्यांनी डोळ्यांनी पाहिला, मोठा, काळा कुळकुळीत. आत्याने डोळे पुसले, दहीभात पोटभर खाणाऱ्या दोन साळुंक्यांकडे दुर्लक्ष केलं आणि म्हणाली, "मला कावळाच वाटला."

पुढच्या रविवारी आम्ही निघालो आणि हायवेवर एक ट्रक उलटलेला होता. दोन तास जागचे हललो नाही. पोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. आत्या दारात बसली होती. आतली वेताची खुर्ची तिने बाहेर आणून दारात मांडली होती आणि तिच्यावर पाय वर घेऊन खुशाल बसली होती. त्या खुर्चीबद्दल मी ठमीला दिलेलं वचन आठवड्यातच मोडलेलं बघून मला फार बरं वाटलं.

"किती उशीर," आत्या म्हणाली. "बेदीआंटी सारखी विचारतेय, आले का, आले का म्हणून."

मी वर पाहिलं. बेदीआंटींच्या दाराला कुलूप होतं आणि दोरीवर एकही कपडा नव्हता. बेदीआंटी लेकीकडे जालंधरला जाणार हे त्यांनीच आम्हाला दहाव्याच्या दिवशी सांगितलं होतं.

"आत्या, बेदीआंटी तर जालंधरला आहेत ना?"

आत्याने मान वर करून कुलपाकडे पाहिलं. थोडा विचार केला.

"अच्छा," ती म्हणाली. "मग मीच विचारत असेन."

आणि खुर्चीवरून उठून पानं वाढायला आत गेली.